काशाच्या घंगाळाची बातमी

योम ग्यूसूनच्या दुकानात सुक्या मासळीच्या माळा जिथे टांगलेल्या असत, त्यांच्या खाली, वजनकाट्याला खेटून एक कॉम्प्युटर होता. त्याच्या पडद्यावर तिने प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवला होता, कारण मिठाचा हात तसाच पडद्याला लावायची तिला खोड होती. बप्सोंगपोच्या बाजारात सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. दुकानात शिरल्यावर ग्यूसूनने मान वर केली नाही, तर ती जपानी अमदानीतल्या जुन्या वर्तमानपत्रांत गेलेली आहे असं समजायचं. जरा खाकरायचं, की परत येते.

वय पासष्ट. सहावीपर्यंत शाळा झाली आणि मग गुल्बी बांधायला बसली. बप्सोंगपोच्या खाडीवर खारवून वाळवलेली ही मासळी पेंढ्याच्या दोरीत एकाखाली एक गुंफतात. ग्यूसूनच्या बोटांनी इतके मासे गुंफले होते की झोपेतही तिची बोटं वळायची. लग्न, दोन मुलं, नवऱ्याचं आजारपण, नवऱ्याचं जाणं, मुलांचं सोलला नोकरीला जाणं, हे सगळं त्या दुकानाच्या मागेपुढे घडलं. मुलं गेल्यावर घरात ती आणि तिची आई उरली. तेव्हा तिने सुटलेल्या परीक्षा एकेक करून दिल्या, मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली, आणि आता दर गुरुवारी बस पकडून ग्वांगजूच्या विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला जात होती. वर्गातल्या मुली तिला "मोठी ताई" म्हणत आणि तिच्या डब्यातल्या गुल्बीवर ताव मारत.

प्रबंधाचा विषय तिने स्वतःच निवडला होता: बप्सोंगपोचा दानो आणि बायका. दानो म्हणजे पाचव्या चांद्रमासातली पंचमी. त्या दिवशी बायकांनी वेखंडाच्या पाण्याने केस धुवायचे, नवे कपडे घालायचे आणि झुल्यावर चढायचं. उभ्याने झुला चढवायचा, गुडघे मोडायचे, ताठ व्हायचं, आणि जाईल तितकं वर जायचं. पूर्वी समोर उंच बांबूला घंटा बांधत. जिचा पाय घंटेला लागे ती जिंके.

या विषयाचं मूळ घरातच होतं. ग्यूसूनची आई गुक सामवोल, वय चौऱ्याण्णव. दर दानोला, डोकं धुऊन झालं की ती तीच गोष्ट सांगायची. "उंदराच्या साली, सोळाव्या वर्षी, बंदरावरच्या झुल्यावर मी पहिली आले. घंटा दोनदा वाजवली. बक्षिसात काशाचं घंगाळ मिळालं."

मग घरातलं कुणीतरी ठरलेला प्रश्न टाकायचं. आधी ग्यूसूनचे वडील टाकत, नंतर नवरा, मग मुलं.

"आणि घंगाळ कुठंय?"

"आहे तिथं सुखरूप आहे," सामवोल म्हणायची आणि केस पिळायची.

पिढ्यान्‌पिढ्या हा घरचा विनोद झाला होता. कुणी थाप मारली, की नातवंडं म्हणत, "आणि घंगाळ कुठंय?" सामवोलही त्यांच्यात मिसळून हसायची. पण ग्यूसूनने पाहिलं होतं, हसून झाल्यावर आई उठून आत जाते. आई आता चौऱ्याण्णव वर्षांची. तिच्यावर कुणी एकदा तरी खरा विश्वास ठेवावा, आणि तोही ती ऐकू शकत असताना, एवढं ग्यूसूनला हवं होतं. एम.ए. वगैरे त्याच्या मागून आलं.

तिच्या मार्गदर्शक प्यो बाई ग्यूसूनहून वीस वर्षांनी लहान, बारीक, आणि शब्द मोजून बोलणाऱ्या. पहिलं प्रकरण वाचून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"योमबाई, आईंची हकीकत सुंदर आहे. पण संपूर्ण प्रकरण एका आठवणीवर उभं आहे. त्या काळचा कागद हवा. अस्सल साधन."

"आमच्या गावात तेव्हा कागद कोण ठेवणार, बाई? होता तो युद्धात जळला."

"गावात नसेल. वर्तमानपत्रांचे तेव्हा गावोगावी वार्ताहर होते. जुने अंक सगळे आता संकेतस्थळावर चढवलेत. तुम्हाला सोलला जायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. दुकानात बसून पाहा."

त्या दिवसापासून ग्यूसूनची मान वर यायची बंद झाली. माउस फिरवला की ऐंशी वर्षांपूर्वीचं पान समोर उभं राही, घडीच्या रेघेसकट, शाईच्या डागासकट. पहिल्या आठवड्यात तिने दानो शोधलाच नाही. रबरी जोड्यांच्या जाहिराती वाचल्या, पोटदुखीच्या गोळ्यांच्या वाचल्या, हरवलेल्या बैलाची सूचना वाचली आणि त्या बैलाचं पुढे काय झालं म्हणून पुढचे चार अंक उलगडले.

"जाहिरातीत रमू नका," प्यो बाई म्हणाल्या.

"बाई, बातमीपेक्षा जाहिरातीच जास्त खऱ्या वाटतात."

"तेही प्रबंधात लिहा. पण आधी दानो."

शोधाच्या चौकटीत तिने "झुला" टाकला, काही आलं नाही. आईचं नाव टाकलं, काही नाही. गावाचं नाव टाकलं, तर मासळीचे भाव आणि बुडालेल्या नावा आल्या. प्यो बाईंनी सांगितलं की संकेतस्थळाला फक्त मथळे कळतात, आतला मजकूर कळत नाही. आणि त्या काळचे वार्ताहर झुल्याला साधा झुला म्हणत नसत, भारदस्त चिनी अक्षरं वापरत. ग्यूसूनने ती अक्षरं हातावर लिहून घेतली. तरी बातमी नाहीच.

मग तिने मासे निवडताना करायची तसं केलं. शोधाची चौकट बाजूला सारली आणि एकेक पान हातात घेतलं. बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातलं ते उंदराचं साल म्हणजे १९३६. त्या वर्षीचा दानो जूनच्या उत्तरार्धात पडला होता. त्या दिवसाचा अंक पाहिला, दुसऱ्या दिवसाचा पाहिला, तिसऱ्याचा पाहिला. मग तिच्या ध्यानात आलं की खेड्यातली बातमी तेव्हा टपालाने जायची, आणि राजधानीतल्या संपादकाला बप्सोंगपोची काय घाई. ती पुढे पुढे जात राहिली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पाचव्या पानाच्या तळाशी, सायकलच्या जाहिरातीच्या वर, मथळ्याशिवायची बोटभर बातमी होती. "बप्सोंगपोत दानोनिमित्त झुल्याची स्पर्धा. प्रचंड गर्दी. प्रथम क्रमांकास काशाचे घंगाळ."

घंगाळ. ग्यूसूनने दोन्ही हात तोंडावर ठेवले. घंगाळ होतं. ऐंशी वर्षं ज्याच्यावर घर हसलं ते घंगाळ छापून आलं होतं.

नेमका त्याच वेळी शेजारच्या दुकानाचा जेमान दोन कागदी पेल्यांत कॉफी घेऊन आला. जो जेमान तिच्याच वयाचा, तिच्याच शाळेतला, तिच्याच धंद्यातला. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून होती आणि गेली चाळीस वर्षं दोघंही आपलीच मासळी चांगली म्हणत आली होती.

"काय, परत बैल हरवला का?"

"ये, ये. वाच. घंगाळ वाच."

जेमानने चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. घंगाळाच्या पुढची ओळही वाचली. ती ग्यूसूनने अजून वाचली नव्हती.

"प्रथम, मा ओक्सिम," जेमान म्हणाला. मग सावकाश सरळ झाला. "ही तर माझी आई."

गिऱ्हाईक आलं, खाकरलं आणि निघून गेलं.

"तुझी आई झुल्यावर चढायची?" ग्यूसूनने विचारलं.

"मला काय ठाऊक. मला बोलली नाही कधी." जेमान पुन्हा वाकला. "पण छापलंय बघ. तुझ्याच कॉम्प्युटरात छापलंय."

मा ओक्सिम सामवोलच्याच माहेरची, खाडीपलीकडच्या गावची, तिच्याहून एक वर्षाने मोठी. बातमीतलं नाव जुळत होतं, गाव जुळत होतं, वय जुळत होतं. जेमान कॉफी न पिताच गेला.

कुणाच्या मुलाला सरकारी नोकरी लागो, कुणाची सून डॉक्टर होवो, बप्सोंगपोत चौकात कापडी फलक लागतो. दोनच दिवसांत जेमानचा लागला, रस्त्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, लाल अक्षरांत: "अभिनंदन. १९३६च्या दानो झुला स्पर्धेची विजेती मा ओक्सिम. चिरंजीव जो जेमान, जो गुल्बी भांडार." खाली फोन नंबर.

ग्यूसूनने तो फलक वाचला. आईला काय सांगायचं? आई गुडघ्यांना सुया टोचून घ्यायला दर सोमवारी आणि शुक्रवारी वैद्याकडे जाते, आणि वैद्याचं घर चौकाच्या पलीकडे.

त्या शुक्रवारी ग्यूसूनने आईला मासळी वाळवायच्या पटांगणामागच्या बोळातून नेलं. सामवोल बाळाची ढकलगाडी ढकलत चालायची. आधाराची काठी तिला आवडत नसे. गाडीत बाळाच्या जागी कांद्याची पात.

"वैद्यबुवा राहायला गेले का दुसरीकडे?"

"नाही, आई. इकडून सावली आहे."

"सावली आहे आणि माशाही आहेत."

सोमवारी पुन्हा बोळ. ढकलगाडीचं चाक एका खड्ड्यात अडकलं तेव्हा सामवोलने मुलीकडे जी नजर टाकली तिच्यात सगळं होतं.

ग्यूसून त्या आठवड्यात प्यो बाईंना भेटली, पानाची प्रत पुढे ठेवली. बाईंनी ती दोनदा वाचली.

"वाईट वाटतंय?"

"आई खोटं बोलत नाही, बाई. वाढवून सांगते. घंटा एकदा वाजली असेल तर दोनदा सांगते. पण दुसरीचा झुला आपला म्हणून सांगणार नाही."

"तुम्ही हे प्रकरण गाळू शकता. दानोवर इतर पुष्कळ आहे."

ग्यूसून बसमध्ये पूर्ण वाट त्याचा विचार करत आली. गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. घरी येऊन तिने तळटीप लिहिली: "लेखिकेच्या कुटुंबात या स्पर्धेविषयी एक वेगळी हकीकत सांगितली जाते. उपलब्ध साधन तिला पुष्टी देत नाही." एवढी दोन वाक्यं लिहायला तिला प्रबंधातल्या कुठल्याही पानापेक्षा जास्त वेळ लागला. लिहून झाल्यावर तिने आईसाठी बार्लीचा चहा केला आणि आईच्या डोळ्याला डोळा न देता पुढे ठेवला.

शुक्रवारी बोळाच्या तोंडाशी सामवोलने ढकलगाडी उभी केली.

"मी चौकातून जाणार."

"आई, ऊन..."

"चौऱ्याण्णव वर्षं ऊन खाल्लं, काही झालं नाही. आख्खा बाजार मला बघून बोलायचा थांबतोय आठवडाभर. काहीतरी आहे चौकात. कुणी मेलं असलं तर मला बघू दे, आणि मीच मेले असले तर मला आधी कळायला हवं."

ढकलगाडी चौकाकडे वळली. ग्यूसून मागे. सामवोलने मान वर केली आणि एकेक लाल अक्षर मोठ्याने वाचलं. जेमान आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. तो आत सरकला. सामवोलने फोन नंबरपर्यंत सगळं वाचलं. मग तिचे खांदे हलायला लागले. ग्यूसून धावली, तिला वाटलं आई रडते आहे. आई हसत होती. इतकी हसत होती की वरची कवळी सुटली आणि तिला ती हातात धरून ढकलगाडीवर टेकावं लागलं.

"ओक्सिम ओन्नी," कवळी परत बसवत ती म्हणाली. तिकडे मुली आपल्याहून मोठीला ओन्नी म्हणतात, वय कितीही झालं तरी. "ओक्सिम ओन्नी आणि झुला. अगं, तिला नावेतसुद्धा घेरी यायची."

"मग पेपरात तिचं नाव कसं?"

"मी सांगितलं म्हणून."

"तू सांगितलंस? तुझं नाव सोडून तिचं?"

"मग काय माझं सांगू? बाबा गावचे पंतोजी. पोरीनं झुल्यावर उभं राहायचं, घागरा उडणार, खाली पुरुष बघणार. त्यांनी मला कोठीत कोंडलं असतं पुढल्या दानोपर्यंत. आम्ही दोघी नावेतून चोरून आलो होतो. पंचांनी विचारलं, नाव काय, पोरी. ओन्नी समोर गर्दीत उभी होती माझे जोडे धरून. तोंडात आलं ते सांगितलं."

"आई, ऐंशी वर्षं तू ही गोष्ट सांगतेस. हे एकदाही बोलली नाहीस."

"कुणी विचारलं? सगळे एकच विचारतात, घंगाळ कुठंय."

जेमान आता दारातून बाहेर आला होता. "मावशी, मग घंगाळ कुठंय?"

"आहे तिथं सुखरूप आहे," सामवोल म्हणाली. मग थांबली आणि जेमानकडे निरखून पाहिलं. "तुझी आई कशी आहे?"

मा ओक्सिम हयात होती, जवळच्या तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात. कान मंद, डोकं कधी लख्ख, कधी धुकं. रविवारी जेमानने आपली मासळीची गाडी धुऊन काढली आणि तिघं निघाली. दाराशी ग्यूसूनने आईला थांबवलं.

"तू थोडा वेळ बाहेर बस. आधी मी एकटी विचारते."

"का म्हणून?"

"साक्ष वेगवेगळी घ्यावी लागते. एकमेकींचं ऐकून एकमेकींसारखं बोलतात."

"म्हणजे मी चोर."

"तसं नाही. बाईंनी शिकवलंय."

"मग ढकलगाडी तरी इकडे आण, चोरानं कुठं बसायचं," सामवोल म्हणाली आणि दारातल्या बाकावर मुद्दाम खोलीकडे पाठ करून बसली.

आत खिडकीशी ओक्सिम बसली होती, पांढरे केस आखूड कापलेले, मांडीवर लोकरीचा गुंडा. ग्यूसूनने फोन ध्वनिमुद्रणाला लावला, जवळ बसली, आणि आईचं नाव न घेता मोठ्याने विचारलं, "मावशी, उंदराच्या साली बंदरावर झुल्याची स्पर्धा झाली होती. तुम्ही गेला होता?"

"गेले होते."

"कोण पहिलं आलं?"

ओक्सिमने तिच्याकडे बघितलं, मग मुलाकडे, मग दाराकडे, जणू कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली. "मी."

जेमानने ग्यूसूनकडे पाहिलं. ग्यूसूनने फोन ओक्सिमच्या आणखी जवळ धरला.

"तुम्ही स्वतः झुल्यावर चढलात?"

"तसं म्हणायचं असतं," ओक्सिम म्हणाली. "कुणी विचारलं तर मी म्हणायचं. सामवोलला वचन दिलंय. तिच्या बापाच्या कानावर जाता कामा नये."

"तिचे वडील जाऊन साठ वर्षं झाली, आई," जेमान म्हणाला.

ओक्सिम विचार करू लागली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "मग सांगू?"

आणि तिने सांगितलं. तिने सामवोलचे जोडे धरले होते. डावा फाटलेला होता आणि त्यात पेंढा कोंबला होता. घंटा दोनदा वाजली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा खाली उभं राहूनच ओक्सिमला घेरी आली आणि एका मासेवालीने तिच्या तोंडावर पाणी मारलं. घंगाळ सामवोल घरी नेऊ शकत नव्हती, म्हणून ओक्सिमने नेलं. दोनेक आठवड्यांनी पेपर आला. ओक्सिमचा बाप नावाडी, त्याला वाचता येत नसे. कुणीतरी धक्क्यावर वाचून दाखवलं. पोरीचं नाव छापून आलं म्हणून त्याने नावेवरच्या सगळ्यांना तांदळाची दारू पाजली, दोन दिवस समुद्रावर गेला नाही, आणि ते पान मरेपर्यंत टोपीत घालून हिंडला.

"त्याला मी काय सांगणार होते?" ओक्सिम म्हणाली. "मग तोही गेला. पण बाप गेला म्हणून त्याची दारू खोटी ठरवायची का?"

दारातून आवाज आला. सामवोलला पाठ करून बसणं फार वेळ जमलं नव्हतं. "आणि तोच पेपर आमच्या बाबांनी जेवताना मोठ्यानं वाचला. म्हणाले, बघा, नावाड्याची पोरगी कशी वाया गेली, तुमच्यापैकी कुणी असं केलं तर... मी भात गिळत होते. भात घशात अडकला तर त्यांनीच पाठीवर थोपटलं."

"सामवोल," ओक्सिम म्हणाली.

"ओन्नी," सामवोल म्हणाली आणि ढकलगाडी ढकलत आत आली. ओक्सिमच्या लग्नानंतर दोघी एकाच बाजारात राहिल्या, येताजाता बोलल्या, मुलांची लग्नं एकमेकींना कळवली. पण दोन्ही बापांच्या भीतीने जो विषय मिटवला होता, तो बाप गेल्यावर उघडायचं दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. आता उघडला तर दोघी एकमेकींचे हात धरून इतक्या हसल्या की परिचारिका आत डोकावली आणि म्हणाली, "आजीबाई, हळू, शेजारच्या आजी झोपल्यात."

"त्यांनाही उठव," सामवोल म्हणाली. "त्यांनाही सांगू."

जेमान मात्र खुर्चीत बसून होता. "आई, घंगाळ तू घरी नेलंस. मग त्याचं काय झालं?"

"जपान्यांच्या युद्धात सरकारी माणसं कासं-पितळ गोळा करायला आली तेव्हा राखेच्या उकिरड्यात पुरलं. नंतर काढलं. तुझ्या दुकानात नाही का?"

जेमानच्या दुकानात दारातच उजव्या हाताला एक काळपट घंगाळ होतं. त्यात मासे गुंफायच्या पेंढ्याच्या दोऱ्या भिजत घातलेल्या असत. स्वतःच्या दोऱ्या संपल्या की ग्यूसून त्यातूनच चार उचलून आणायची. गेली चाळीस वर्षं.

गुरुवारी ती प्यो बाईंना ध्वनिमुद्रण ऐकवत होती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मग पुन्हा मागे नेऊन नावाड्याच्या टोपीचा भाग ऐकला.

"म्हणजे बाई, पेपर खोटा?"

"पेपर खोटा नाही. एका मुलीने पंचांना काय नाव सांगितलं, याचं ते अस्सल साधन आहे. त्याहून जास्त काही सांगतो असं आपणच धरून चाललो होतो." त्यांनी पेन्सिल उचलली. "ती तळटीप काढा. हे प्रकरणात घ्या. आणि किती बायकांनी दुसरीचं नाव सांगितलं असेल, हा प्रश्नही घ्या. याचं उत्तर मला ठाऊक नाही, आणि विचारायचंही आजवर सुचलं नव्हतं." मग पहिल्यांदाच त्यांनी थोडं भीत विचारलं, "ते घंगाळ बघायला मिळेल का?"

दानोच्या आदल्या दिवशी जेमान आणि ग्यूसून दुकानांच्या मधल्या पायरीवर बसून घंगाळ घासत होते, राख आणि पेंढ्याच्या बोळ्याने, जुन्या पद्धतीने. काळं जाऊन खालचं पिवळं वर यायला लागलं, तसे बाजारातले लोक येऊन उभे राहिले.

"माझ्या दोऱ्यांना आता काय भांडं?" जेमान कुरकुरला.

"प्लास्टिकची बादली देते माझी. भाडं नको."

"चाळीस वर्षं माझ्या दोऱ्या नेल्यास, आता घंगाळ नेतेस."

"घंगाळ आमचंच होतं. दोऱ्या तेवढ्या तुझ्या."

दानोच्या सकाळी जेमानने आईला वृद्धाश्रमातून आणलं. ग्यूसूनच्या अंगणात वेखंडाच्या पाल्याचं उकळलेलं पाणी घंगाळात ओतलं. त्याचा वास चढला, आणि दोघी म्हाताऱ्या समोरासमोर ठेंगण्या स्टुलांवर बसल्या, गळ्याला पंचे गुंडाळून. प्यो बाई ग्वांगजूहून आल्या होत्या आणि पायात मोजे तसेच ठेवून ओल्या अंगणात उभ्या होत्या.

"ओन्नी, आधी तू."

"तू जिंकलीस. आधी तू."

"पेपरात तुझं नाव आहे."

यावर ओक्सिमने डोकं वाकवलं. सामवोलने ऐंशी वर्षं सांभाळलेल्या भांड्यातून ओंजळीने पाणी घेतलं आणि तिच्या आखूड पांढऱ्या केसांवर सोडलं.

केस पुसून झाल्यावर सगळी चौकात गेली, कारण जेमानने सकाळीच नवा फलक लावला होता. लिहिलं होतं: "अभिनंदन. १९३६च्या दानो झुला स्पर्धेची विजेती गुक सामवोल. नाव दिले: मा ओक्सिम." खाली दोन्ही दुकानांचे फोन नंबर, ग्यूसूनचा त्याने न विचारता टाकला होता, स्वतःच्या नंतर आणि जरा लहान अक्षरांत.

सामवोलने ढकलगाडी थांबवली आणि ओल्या केसांनी मान वर करून सावकाश वाचलं. पहिल्यांदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. ग्यूसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"बरोबर आहे?" तिने विचारलं.

"अक्षरं बरोबर आहेत," सामवोल म्हणाली. "फलक फार खाली बांधलाय. घंटा याहून पुष्कळ उंच होती. काय, ओन्नी?"

"पुष्कळ," ओक्सिम म्हणाली आणि वर बघूनच तिला जराशी घेरी आली, म्हणून तिने सामवोलचा हात धरला.

जेमान शिडी आणायला गेला.